सुट्टीला ठणठणीत

अप्पांनी माझी तक्रार थेट डॉक्टरीणबाईंकडेच केली. "हिला काही झालेलं नाही. बेकरीत पाऊल टाकलं की खोकला, धाप, छातीत शिट्ट्या. आणि सुट्टीला घरी बसली की ठणठणीत! कामाच्या नावानं बोंब, दुसरं काय?"

मी दात-ओठ खात बसले होते. बेकरी पुढे मला चालवायची होती, आणि माझे वडीलच मला कामचुकार ठरवत होते.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, पुन्हा सांगा. सुट्टीला ठणठणीत?"

अप्पांनी दुप्पट जोरात सांगितलं.

बाईंनी मला एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं. पडद्यावर रेघ जेमतेम उठली आणि बसली. मग पंपानं औषध आत ओढलं, थोडं थांबून पुन्हा फुंकलं. या वेळी रेघ चढत गेली, चढतच गेली. मी थक्क झाले. माझ्याच छातीत एवढी हवा होती! अप्पाही उठून पडद्याशी गेले. "ही हिचीच?"

"हिचीच. दमा आहे. श्वासनळ्या सुजतात, आवळतात. औषधानं मोकळ्या होतात. कशामुळे, ते तुम्हीच सांगितलंत. मला पिठाचा संशय आहे."

"पिठाचा? अहो, पिठावर आमचं घर जगलं!"

घरी न्यायला फुंकीचा जोर मोजणारी छोटी नळी मिळाली. कामाच्या दिवशी तिचा काटा खाली, सुट्टीला वर. रक्ततपासणीतही पिठाचीच ॲलर्जी निघाली. बाई म्हणाल्या, "बरं वाटलं तरी पंप रोज घ्यायचा. आणि पीठ उडायचं थांबलं नाही, तर हिला बेकरी सोडावी लागेल."

अप्पा हात उंच करून टेबलावर पीठ भुरभुरायचे. गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. उन्हात तरंगणारा तो पांढरा ढग मलाही लहानपणापासून आवडायचा.

काल मी मास्क लावून कामावर गेले, तर अप्पा टेबलावर ओणवे झालेले. टेबलाला टेकवलेली पिठाची मूठ त्यांनी हळूच उघडली, झोपलेल्या बाळाला पांघरूण घालावं तशी. उन्हाचा पट्टा आत आला होता आणि त्यात काहीच उडत नव्हतं.

काम आटोपल्यावर त्यांनी नळी पुढे केली. "फुंक."

काटा सुट्टीच्या खुणेला जाऊन टेकला. गिऱ्हाइकं अप्पांच्या हाताकडे बघायची, तसे अप्पा त्या काट्याकडे बघत राहिले.