उरलेला स्क्रू

टेलरबाईंनी पंचवीस लिटरच्या गीझरच्या पोटावर टकटक केली आणि कान लावला, कलिंगड घेताना लावतात तसा. दुकानदार गालात हसला. बाईंच्या मुलाने मात्र आजूबाजूला पाहून घेतलं, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून.

“हा द्या,” बाई म्हणाल्या.

“आई, पंचवीस लिटर? एकटीला?” मुलाने फळीवरचा तीन लिटरचा छोटा गीझर उचलून दाखवला. “हा बघ, इन्स्टंट. बटण दाबलं की गरम पाणी. थोड्या दिवसांसाठी भरपूर झाला.”

“कुणाचे थोडे दिवस?”

“तसं नाही गं. तू आमच्याकडे येईपर्यंत.”

“मी येते म्हटलंय का?”

“नाही असं तरी कुठे म्हणालीस!”

हे मात्र खरं होतं. इतकी वर्षं ‘नाही’ हा शब्द बाईंच्या जिभेवर तयार असायचा. गिऱ्हाइकाने कमी कापडात जास्त घेर मागितला की नाही, नवऱ्यामागे दुकान विकून टाका म्हणणाऱ्या दिरांना नाही. आणि या हिवाळ्यात स्वतःच्या मुलाला त्या “बघू” म्हणाल्या होत्या. 

त्याला कारण पाणी. जन्मभर मशीन चालवून बाईंचा उजवा खांदा धरला होता. सकाळी त्यावर कढत पाणी घेतलं की हात वर जायचा आणि मग दिवस सुरू व्हायचा. पण गेले काही महिने नळाला येत होतं ते कोमट. खांदा सुटत नव्हता. कात्री धरली की काप वाकडा जायचा. बाईंनी तक्रार केली तेव्हा मुलाने नळाखाली बोट धरलं आणि म्हणाला, “गरमच आहे की! आई, वय झालं की कातडीला कळेनासं होतं. डॉक्टरही हेच सांगतील.” पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला त्याने आणखी एक पायरी चढवली. जिला गरम-गार कळत नाही तिने एकटीने राहायचं तरी कसं? उद्या भाजून घेतलंस म्हणजे?

आधी बाईंनी हसण्यावारी नेलं. मग हळूहळू त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडायला लागला. ओल्या बोटाने इस्त्रीचा अंदाज घेणारी ही बाई आता बोट इस्त्रीजवळ नेऊन थबकायची. बोटाला भाजलेलं कळेल की नाही, याची भीती वाटायची. ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दारावरची ‘टेलर’ ही पाटी उतरवायची का, हाही विचार एकदा मनात येऊन गेला होता.

“काकू, जुन्याला झालं तरी काय?” दुकानदाराने विचारलं.

“पाणी कोमट येतं.”

“अगदी गार नाही ना? मग कॉइल चालू आहे. पाणी तापायच्या आधीच ती बंद होत असणार. नवा घेण्याआधी थर्मोस्टॅट एकदा—”

“ते सगळं बघून झालंय,” मुलगा मध्येच म्हणाला.

बाईंनी टाकीवरचा हात काढला. बघून झालंय? कुणी बघितलं? त्यांनी तर कुणालाच बोलावलं नव्हतं. मुलगा छोट्या गीझरची किंमत वाचण्यात गढून गेला होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी काही फोडलं की व्हायच्या तशाच.

“आज काही घ्यायचं नाही,” त्या म्हणाल्या. “चला.”

“आई, अशी अर्धवट—”

“चला म्हटलं ना.”

त्याने त्यांना घराशी सोडलं. “रविवारी येतो, खोकीही आणतो. आत्ता लागणार नाहीत तेवढं सामान भरून ठेवू,” असं सांगून तो गेला. बाईंनी दार लावलं, साडीचा पदर खोचला आणि मेन स्विच बंद केला. मशीनच्या खणातून स्क्रूड्रायव्हर काढला. न्हाणीघरात स्टूल ठेवून त्यावर चढल्या आणि डाव्या हातात टॉर्च धरून गीझरच्या खालचं झाकण पाहू लागल्या.

झाकणाला चार भोकं होती आणि स्क्रू तीन.

बाई स्टुलावरच थांबल्या. मग उतरल्या, बटणांचा डबा आणला आणि पलंगावर पालथा केला. शर्टाची, कोटाची, बाळाच्या झबल्याची बटणं चादरभर पसरली. त्यांतून एक ठेंगणा स्क्रू निघाला. पावसाळ्यात न्हाणीघराच्या खिडकीत सापडला होता. कशाचा ते कळेना, पण टाकायचं कशाला म्हणून डब्यात पडला होता. बाईंनी तो चौथ्या भोकाला लावून पाहिला. मापाचा शिवल्यासारखा बसला.

त्यांचा मुलगा लहानपणी घड्याळ उघडायचा, रेडिओ उघडायचा, एकदा तर त्यांचं मशीनही उघडलं होतं. सगळं परत जोडायचा आणि एक स्क्रू हमखास उरायचा. “आई, हा जास्तीचा होता,” असं छातीठोकपणे सांगायचा. त्याचे वडील म्हणायचे, कंपनीवाले वेडे आहेत, आमच्या चिरंजीवांना न विचारता जास्तीचे स्क्रू घालतात.

बाईंनी तिन्ही स्क्रू काढून झाकण उतरवलं. आत थर्मोस्टॅटची तबकडी होती. गेल्या वर्षी तो नवीन बसवला तेव्हा किती कढत हवं ते त्यांनी समोर उभं राहून ठरवून घेतलं होतं. आणि सवयीप्रमाणे कमरेला खोचलेला निळा मेणखडू काढून तबकडीपासून बाहेरच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली होती. खूण केल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशाला कात्री लावली नव्हती.

रेघ आता तुटली होती. कडेवरचा तुकडा जागेवर होता. तबकडीवरचा बराच खाली फिरला होता.

बाईंना राग आला. इतका की स्टूल हलायला लागलं म्हणून त्या खाली उतरून मोरीच्या कट्ट्यावर बसल्या. कोमट पाण्याचा राग नव्हता. पाणी काय, तापवून घेता आलं असतं. स्वतःच्या हाताने तबकडी फिरवून, मग त्याच हाताचं बोट नळाखाली धरून तो म्हणाला होता, गरमच आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडायचं तरी कुणाच्या नावाने?

थोड्या वेळाने त्या उठल्या. तबकडी फिरवून रेघेला रेघ जुळवली, झाकण लावलं, चार स्क्रू पिळले. मेन स्विच चालू केला. लाल दिवा विझेपर्यंत बटणं रंगाप्रमाणे डब्यात भरत बसल्या. मग बादलीत पाणी सोडलं आणि बोट बुडवलं.

“आई गं!” त्या ओरडल्या आणि बोट झटकत, एकट्याच, मोठ्याने हसल्या. बोट चांगलं पोळलं होतं.

रविवारी मुलगा आणि सून आले ते सकाळीच. मुलाच्या दोन्ही हातांत घडी केलेली खोकी होती, सुनेच्या हातात चिकटपट्टी. बाई मशीनवर बसून कुणाचातरी कोट उसवत होत्या.

“आधी अंघोळ करून घे,” बाई म्हणाल्या. “पहाटेच निघाला असाल. पाणी तापलंय.”

तो टॉवेल घेऊन गेला. आतून बादलीचा आवाज आला, मग पहिला तांब्या, मग एक दबकी किंकाळी.  थोड्या वेळाने तो टॉवेल गुंडाळून दारात आला. दंडावर काटा उभा होता.

“आई, पाणी गार आहे.”

बाईंनी मान वर केली नाही. “गरमच आहे की.”

“अगं, चक्क गार—”

“वय झालं की कातडीला कळेनासं होतं,” बाई म्हणाल्या आणि दोरा दातांनी तोडला.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या. पहाटे स्वतःची अंघोळ उरकल्यावर बाईंनी तबकडी पार शेवटापर्यंत खाली फिरवली होती; तेव्हा झाकणातून काढून मशीनच्या फळीवर ठेवलेला स्क्रू त्यांनी एका बोटाने त्याच्याकडे सरकवला.

“हा जास्तीचा होता,” त्या म्हणाल्या.

त्याने तो उचलला नाही. “ऑफिसातल्या एकाची आई भाजली गं नळाखाली,” तो म्हणाला. “मला झोप लागेना. म्हणून फक्त थोडं कमी केलं होतं.”

“मग सांगायचं.”

“तू ऐकलं असतंस?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? नाही म्हटलं असतं, भांडले असते, तुला घालवून दिलं असतं. तो माझा हक्क होता. तू मला माझ्याच बोटाची भीती घातलीस.” त्यांचा आवाज चिरकला, तसा त्यांनी तो खाली उतरवला. “पाटी उतरवायला निघाले होते मी.”

तो दंड चोळत उभा राहिला. सुनेने हातातली चिकटपट्टी मुकाट्याने पिशवीत टाकली.

“खोकी ठेव इथेच,” बाई म्हणाल्या. “तयार कपडे भरायला होतील.”

मग मुलाने स्क्रू उचलला. खणातून स्क्रूड्रायव्हर स्वतःच काढून घेतला, मेन स्विच बंद केला आणि न्हाणीघरात स्टुलावर चढला. झाकण उतरवल्याचा आवाज आला.

“आई, टॉर्च धर जरा. दिसत नाही.”

बाई गेल्या. उजव्या हाताने टॉर्च उंच धरला. हात खांद्यापासून सरळ वर गेला. उजेडात तबकडीवरची निळी रेघ दिसली. त्याने स्क्रूड्रायव्हर तबकडीला लावला, हळूहळू फिरवला आणि रेघेला रेघ मिळाली तिथे थांबला.

“एवढं?” त्याने खाली पाहून विचारलं.

बाईंनी टॉर्च जरा जवळ नेला.

“अजून थोडं पुढे,” त्या म्हणाल्या.