साहेबाचा तक्ता

"पोरी, खुंटीकडं बघत बसून बोकड उगवून यायचा नाही," काका म्हणाले.

काका म्हणजे शाळेचे हेडमास्तर, तिथंच गणित शिकवणाऱ्या माझ्या वडिलांचे, दादांचे, जुने मित्र. दादा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचा हात धरून हेच काका म्हणाले होते, "मास्तर, तुमचा बोकड तो माझा नातू समजा."

पिल्लू असताना दादांनी त्याला शाळेत आणलं. गणिताच्या तासाला पळ काढणारी पोरं त्याच्यापायी घंटेआधी हजर होऊ लागली. कागद न वाचता खातो म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं साहेब. दर शनिवारी झाडाला काटा टांगायचा, साहेबाला झोळीत घालायचं, वजनाचा ठिपका भिंतीवरच्या तक्त्यावर मांडायचा. चारा किती गेला, अंगी किती लागला, सगळं पोरंच काढत. "वाटेल ते नव्हे, काट्यावर दिसेल ते मांडा," दादा बजावत.

दादा गेले. मागोमाग त्या तक्त्याला बक्षीस मिळालं. त्यापायी काल पाहुणे येऊन, जेवून गेले.

"कापलात त्याला?" मी विचारलं.

"तक्ता बघ की. रेघ आडवी झालीय. चारा जातोय, वजन तिथंच. हा हिशेब तुझ्या बापानंच शिकवला."

"कापायला नव्हता शिकवला."

"मग पाहुण्यांना काय ठिपके वाढायचे होते?"

स्वयंपाकीणबाई दारातून बोलल्या, "पोरांना सांगितलंय, चरायला गेलाय. अन् हाडं पुरायला मी."

काकांनी मान फिरवली. दादा गेले त्या दिवशी हीच मान माझ्या खांद्यावर टेकली होती.

आज शनिवार. पोरांनी काटा टांगला, झोळी अडकवली. झोळी वाऱ्यानं हलत राहिली. कुणी स्वयंपाकीणबाईंच्या तोंडाकडं बघितलं, कुणी खुंटीकडं. पोरांना काही सांगावं लागलं नाही.

"साहेब आला की मांडू," काका घाईनं म्हणाले.

"काटा शून्यावर आहे, सर," एक मुलगी म्हणाली. ती आत गेली. तक्त्याच्या अगदी तळाशी तिनं ठिपका दिला आणि वरच्या ठिपक्यापासून खाली रेघ ओढू लागली.

"अगं, बक्षिसाचा तक्ता! पूस आधी ते!"

"दिसलं ते मांडलंय, सर."

रेघ वाकडी येत होती. टेबलावर दादांची लाकडी पट्टी होती. मी ती उचलून तिच्या हातात दिली.