पिपाणीवाला, रडवा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. सध्या माझा मुक्काम कपाटावर, एक रिकामी सुटकेस आणि एक बिघडलेली इस्त्री यांच्या मध्ये. इस्त्री दिवसभर आपल्या तरुणपणाच्या गोष्टी ऐकवते, म्हणून म्हटलं, आज आपणच बोलून घ्यावं.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने माझे स्क्रू पिळले, दुसरीने माझ्यात "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि मी तिला तेच परत ऐकवलं. ती खूश झाली. समोरचा बोलेल तेच आपण बोलायचं, एवढं सोपं काम आपल्या वाट्याला आलं म्हणून मीही खूश झालो.

दुकानातून मला वहिनींनी घरी आणलं. घरात वहिनी, त्यांचे यजमान आणि यजमानांची थोरली बहीण. वहिनी नणंदेला 'वन्सं' म्हणत, म्हणून मीही वन्संच म्हणतो. दोघींचं तसं छान जमायचं. भांडण एकाच गोष्टीवरून, आणि ते रोज. वहिनींचा जीव एका गायकावर होता. त्याचा आवाज खर्जातला आणि गाणी सगळी दुःखाची. वन्सं त्याला 'रडवा' म्हणत. "आला बाई तुमचा रडवा! थांबा, रुमाल आणते." वन्संचं दैवत म्हणजे एक क्लॅरिनेटवादक. वहिनी त्याला 'पिपाणीवाला' म्हणत. "लागली का पिपाणी? कुणाची वरात आली ते बघून येते हं." यजमान दोन्ही वेळा वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

खरं सांगायचं तर मी वहिनींच्या बाजूचा. त्या मला स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. वन्सं बटणं अशी दाबत की जणू ढेकूणच चिरडतायत. शिवाय पिपाणीवाला वरच्या सुरात चढला की माझं सगळं अंग झणझणायचं. किती कर्कश वाजवतो मेला, असं मला वाटे. त्याच्या दोन कॅसेटी मी खाल्ल्याही. टेप आत गुंडाळली गेली की लोक 'खाल्ली' म्हणतात. मुद्दाम नाही हो, माझं रबरी चाक झिजलं होतं. पण फार वाईट वाटलं असंही नाही.

मग एकदा बातमी आली की पिपाणीवाला आपल्या गावात शेवटचा कार्यक्रम करणार आणि मग वाद्य खाली ठेवणार. छाती साथ देईना म्हणे. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी तो एक धून वाजवायचा. ती त्याने कधीच कॅसेटवर येऊ दिली नाही. वन्संनी ती तरुणपणी एकदाच ऐकली होती, आणि तेव्हापासून त्या तिची वाट बघत होत्या. तिकीट काढलं, साडी काढली, आणि आदल्या दिवशी माळ्यावरचा डबा काढताना वन्सं स्टुलावरून पडल्या. पाय प्लॅस्टरमध्ये.

"आयुष्यात एवढं एकच मागितलं होतं हो," म्हणून वन्सं रडायला लागल्या. त्यांना रडताना मी प्रथमच ऐकलं.

वहिनी म्हणाल्या, "गप्प बसा. मी जाते. टेप करून आणते."

यजमानांचं वर्तमानपत्र खाली आलं.

"तुम्ही?" वन्संनी डोळे पुसले. "मग एक करा. एकदा बटण दाबलं की त्याला हात लावू नका. तुमचा काय भरवसा, मध्येच बंद कराल."

"नाही लावत, जा!" वहिनी फणकारल्या.

अशी आमची वरात निघाली. वहिनींच्या पायात नवी चप्पल, चावलेल्या टाचेवर चिकटपट्टी, पर्समध्ये रडव्याची सर्वांत पहिली कॅसेट. ती काढणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे दुसरी मिळणं शक्य नव्हतं. "येताना कान धुवायला होईल," असं वहिनी मला म्हणाल्या. मला ते अगदी पटलं.

पडदा उघडला. वहिनींनी मला मांडीवर घेऊन लाल बटण दाबलं. पिपाणीवाल्याने फुंक मारली, सूर वर वर चढत गेला, आणि मी झणझणण्याची वाट बघत बसलो. काहीच झणझणलं नाही. सूर नुसता मऊ, लोण्यासारखा! मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? टेप करताना माझा स्पीकर बंद असतो. म्हणजे इतकी वर्षं कर्कश होता तो माझा फाटका स्पीकर, आणि शिव्या खात होता तो बिचारा.

वहिनी मात्र सुरुवातीला पुटपुटत होत्या, "झाली सुरू पिपाणी." मग हळूहळू त्यांचं बोट माझ्या झाकणावर ताल धरायला लागलं.

शेवटच्या धुनेआधी सत्कार आला. अध्यक्ष बोलायला उठले आणि खाली बसायचं विसरले. भाषण आधी वादकाच्या बालपणात शिरलं, तिथून अध्यक्षांच्या स्वतःच्या बालपणात गेलं आणि तिथेच रमलं. शहाण्या माणसाने मला बंद केलं असतं. पण वहिनींनी शब्द दिला होता ना, बटणाला हात लावणार नाही! मी ते सगळं भाषण इमानेइतबारे गिळलं. अध्यक्ष बसले, पिपाणीवाल्याने क्लॅरिनेट ओठाला लावलं, आणि 'खट्ट!' टेप संपली.

"अगं बाई!" वहिनी केवढ्याने ओरडल्या. शेजारचे गृहस्थ दचकले. मागे फिरवून भाषणाची जागा शोधेपर्यंत धून संपली असती. पहिली बाजू भरल्यावर कॅसेट एकदा उलटली होतीच; पुन्हा उलटावी तर पहिलं वादन पुसलं गेलं असतं.

वहिनींनी पर्स उघडली. नको, मी मनात म्हणालो. वहिनी, ती नको हो!

गाण्याच्या विकतच्या कॅसेटच्या पाठीला छोटी खाच असते. ती उघडी असली की माझं लाल बटण दाबलंच जात नाही. खाच झाकली, तर मात्र मी जुनं पुसून नवं भरतो. वहिनींना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एक क्षण रडव्याची कॅसेट मुठीत धरली. मग चप्पल काढली, टाचेवरची पट्टी ओढली, खाचेवर चिकटवली आणि बटण दाबलं.

माझं झिजलेलं चाक कुरकुरलं. आज जर खाल्लंस तर बघ, असं मीच मला बजावलं. नाही खाल्लं. सगळी धून भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी वन्संनी विचारलं, "कसा झाला?"

"झाला एकदाचा," म्हणून वहिनी स्वयंपाकघरात गेल्या.

वन्संनी भाषण ऐकून कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, हे कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, हात लावू नका!" आतून उत्तर आलं.

मग वन्संनी दुसरी कॅसेट घातली. धून सुरू झाली, तशा त्या डोळे मिटून बसल्या. धून संपता संपता एक मोठा हुंदका ऐकू आला, मग टाळ्या, आणि मग एकदम, ओळीच्या मध्येच, रडवा गायला लागला.

वन्संनी डोळे उघडले. कॅसेट बाहेर काढली, पाठीवरची पट्टी बघितली. मग ती पट्टी त्यांनी नखाने सोलून काढली, म्हणजे आता उरलेलं कुणालाही पुसता येऊ नये. कॅसेट परत घातली, बटण अगदी हळू दाबलं आणि हाक मारली, "वहिनी, बाहेर या. तुमचा रडवा गातोय. आणि येताना रुमाल आणा, मला हवाय."

तर मित्रांनो, कुणाला कर्कश म्हणण्याआधी आपला स्पीकर एकदा तपासून घ्या. आणि घरात एखादा जुना टेपरेकॉर्डर असेल, तर त्याला कधीमधी कापसाने पुसा. इस्त्रीच्या शेजारी तर मुळीच ठेवू नका.

दोघी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, तरी अधूनमधून मला खाली काढून ती कॅसेट लावतात. वहिनी अजून म्हणतात, की तो हुंदका शेजारच्या गृहस्थांचा. वन्सं मान डोलावतात. पण मी तेव्हा वहिनींच्या मांडीवर होतो, आणि माझं झाकण ओलं झालं होतं.