खदानवस्तीची उभी माणसं

खदानवस्तीला नळ हवा होता आणि नगरपालिकेच्या साहेबांना तिथं माणसंच दिसत नव्हती. दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, दारांना कुलपं लागतात, मग नळ कुणासाठी द्यायचा, असा त्यांचा सवाल. शिरूर कासारकडून, चकलांब्याकडून पोटासाठी येऊन टेकलेली ही माणसं वर्षानुवर्षं खदानीतलं हिरवं पाणी पीत होती, हे त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

गावात केबल नुकतीच आलेली. त्याच वर्षी एका संस्थेचा राजेश्वर खांद्यावर ठेवायचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन वस्तीत आला. तुमची फिल्म तुम्हीच काढा, आपण ती साहेबांना दाखवू, म्हणाला. बाप्ये एकमेकांना पुढं ढकलू लागले. एरवी पारावर बसून राज्य चालवणारे हे शूरवीर! शेवटी दगडाबाई उठली. तिची सून उन्हाळ्यात खदानीच्या कपारीवरून घागरीसकट घसरली होती, तेव्हापासून वाकून चालायची आणि तशीच यंदा नवऱ्याबरोबर पहिल्या गाडीनं ऊस तोडायला गेली होती. आता ती घागर नातीच्या डोक्यावर आली होती. दगडाबाईला त्या कपारीचं नावसुद्धा सहन होत नव्हतं.

राजेश्वरनं तिला लाल बटण दाखवलं, खांदा कसा स्थिर ठेवायचा ते शिकवलं. लोक भाकरी करताना, भांडताना, पोरं न्हाऊ घालताना घे, असंही बजावलं आणि तो दुसऱ्या वस्तीकडं गेला. बाकीच्या गाड्या दुसऱ्या दिवशी सुटणार होत्या, म्हणजे जे काही काढायचं ते त्याच दुपारी.

आता दगडाबाईला ठाऊक असलेला कॅमेरा म्हणजे बाजारातल्या स्टुडिओतला. तिथला फोटोवाला ‘हलू नका’ म्हणतो आणि ‘झालं’ म्हणेपर्यंत माणूस श्वास रोखून उभा राहतो. तिनं दारोदार तेच केलं. लोकांनी ठेवणीतली लुगडी काढली, केसांना तेल चोपडलं, आणि दगडाबाईनं ‘हलू नका’ म्हटल्यावर घरोघरची माणसं आपापल्या दारापुढं खांबासारखी उभी राहिली. ‘झालं’ म्हणायचं मात्र बाईच्या ध्यानातच राहिलं नाही.

चार दिवसांनी टेप पाहून राजेश्वरनं कपाळाला हात लावला. पण गाड्या निघून गेल्या होत्या आणि साहेबांनी दिलेली वेळ पुढं ढकलता येत नव्हती. त्यानं टीव्ही आणि व्हीसीआर उचलून त्यांच्या खोलीत नेले. दगडाबाई शरमेनं दाराशीच उभी राहिली.

पडद्यावर केशरबाई आली. दिवसभर जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही ती केशरबाई, मुकाट उभी. वाऱ्यानं तिचा पदर तेवढा हलत होता. कडेवरचं नातवंड खाली सरकलं, तिनं नजर न हलवता ते वर ओढलं. मग म्हातारा सटवा आला. त्याच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. सगळे सरळ समोर बघत होते. दगडाबाई दार सोडून आत आली. रोज ज्यांच्याशी बोलत होती, भांडत होती, ती ही माणसं तिनं आजवर नीट बघितलीच नव्हती. किती देखणी होती! देवळात गेल्यावर जसे हात आपोआप जुळतात तसे तिचे हात जुळले. साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली होती. एवढी माणसं एकटक बघत असताना त्यांना चहा प्यावासा वाटेना.

शेवटी एक बंद दार आलं. त्याच्यापुढं कुणीच नव्हतं. साहेबांना जरा हायसं वाटलं. हेच मी म्हणत होतो, रिकामी घरं, असं ते राजेश्वरला म्हणाले.

दगडाबाई पुढं झाली. ‘साहेब, ते माझं दार हाय. पोरगा अन् सून उसाला गेल्यात. नात खदानीवर पाण्याला गेलती. अन् ही फिल्म मी काढीत व्हते.’

तिनं टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. कलतं ऊन तेव्हा तिच्या पाठीवर होतं, आणि दाराच्या पत्र्यावर एक सावली पडली होती. डोक्यावर पदर, खांद्यावर मोठं डबडं. तीही हलत नव्हती.

‘ही मी,’ ती म्हणाली.

साहेबांनी पुढं वाकून ती सावली बघितली. मग नात केवढी आहे, असं त्यांनी हळूच विचारलं. दगडाबाईनं आपल्या कमरेपाशी हात धरून दाखवला.

साहेब खुर्चीतून उठले. ‘चला बाई, खदान कुठं आहे ती दाखवा मला.’

राजेश्वर लगबगीनं दार उघडायला धावला. दगडाबाईचे पाय मात्र टीव्हीसमोरून निघेनात. आपल्या माणसांच्या रांगेत आपणही उभ्या आहोत, हे ती डोळे भरून बघत होती.