मीठ हाय, तरी सपक

"लागली न्हाई म्हणतोय न्हवं मी. हो बाजूला."

असं म्हणून आकाराम आचाऱ्यानं उलथनं पुन्यांदा काईलीत घातलं आणि गव्हाची खीर तळापास्नं ढवळाय घेतली. त्याच्या पोराच्या, ऋषिराजच्या डोक्यात तिडीक गेली. देवळामागच्या सगळ्या मांडवात करपल्याचा वास पसरला हुता, आणि ह्यो माणूस वाफंत तोंड घालून सांगत हुता की लागली न्हाई. खाली लागलेली खीर ढवळायची नसती, वरच्यावर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची असती, हे पोराला शिकवलं कुणी, तर आकारामनंच. तळ एकदा वर आला की सगळी काईल करपट. भैरोबाची यात्रा, दीड हजार पान उठणार, आणि आष्ट्याच्या अलीकडचं हे गाव त्यांचं स्वताचं.

"आबा, हात थांबवा," ऋषिराज आवाज दाबून बोलला. भवतीनं वाढपी पोरं हुती, नारळ खवणाऱ्या बाया हुत्या. "मला वास येतोय."

"तुला येतोय आणि मला येत न्हाई?"

ह्याला उत्तर एका शब्दाचं हुतं, व्हय. पण त्यो शब्द गावासमोर कसा काढायचा?

आकारामनं जलमात कवा पळी जिभंला लावून सैपाक केला न्हवता. नैवेद्याच्या आधी चाखायचं न्हाई ही रीत सगळ्याच आचाऱ्यांची. पण बाकीचे ती देवाच्या दिशी पाळायचे, आकाराम रोज. लगीन असू दे न्हाई तर बारसं, त्यो झाकण उचलायचा, वाफ नाकात वढून घ्यायचा आणि म्हणायचा, अजून मूठभर मीठ मागतीय. आष्ट्यापास्नं पार मिरजंपातुर लोक त्याला नाकाचा आचारी म्हणायची. मग कोरोना झाला. ताप गेला, खोकला गेला, नाक काय परत आलं न्हाई. हे त्यानं बायकूला बी सांगितलं न्हाई. पुढं पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळंत मेसचं काम मिळालं. ऋषिराज तवा मास्तरच्या गाडीची काच फोडून, दहावी अर्ध्यात टाकून घरात बसला हुता. त्याला बी त्यानं संगं नेलं.

दुसऱ्याच म्हैन्यात पोरानं बघितलं. शेगडीवर दूध उतू जाऊन जळत हुतं, आणि आकाराम दोन हातावर पाठ करून निवांत कांदा चिरत हुता. पोरानं पळत जाऊन गॅस बंद केला, तवा बाप दचकला. मग त्यानं परत कांदा चिराय घेतला, आणि पोरानं शेगडी पुसून काढली.

मेसच्या दाराला दोरीनं एक वही बांधलेली असायची. जेवणाबद्दल पोरं तिच्यात इंग्रजीतनं लिवायची, आणि वाचून दावायचं काम ऋषिराजकडं. आठवीतली शिवांजली म्हणून एक पोरगी हुती, ती दर सोमवारी एकच ओळ लिवायची. दाल इज इन्सिपिड. आकारामनं विचारलं, म्हंजे काय? पोरानं मोबाईलात आधीच बघितलं हुतं. सपक, बेचव. पण बाप हातातलं काम सोडून त्याच्या तोंडाकडं बघत हुता.

"सौम्य," ऋषिराज म्हणाला. "पोरांच्या पोटाला सोसंल असं."

त्या दिशी आकाराम गाणं म्हणत भांडी लावत हुता. आणि तवापास्नं बापाची पाठ वळली की पोरगं लपून चाखायचं, मीठ टाकायचं, चटणी टाकायचं. वाटलं, मिटलं. पंधरा दिसांनी वहीत ओळ आली. सॉल्टी, बट स्टिल इन्सिपिड.

ऋषिराजचं डोकं फिरलं. हात धुवायच्या नळावर त्यानं त्या पोरीला गाठलं आणि तोंडाला यील ते बोलला. मीठ कमी हुतं तवा त्योच शब्द, आता जास्त झालं तरी त्योच; इंग्रजी येतंय का नुसतं फेकतीस? पोरगी घाबरली न्हाई. शांतपणी हात पुसले.

"मीठ कमी असतं तर मी तसं लिहिलं असतं," ती म्हणाली. "हे तसं नाहीये, दादा. सगळं घातलेलं असतं, पण जेवताना वाटतं की हे कुणी केलेलंच नाही. त्याला इन्सिपिडच म्हणतात."

पोरीनं शब्द जिथल्या तिथं बसवला हुता. त्यानं लय इलाज करून बघितलं, मिरच्या बदलल्या, फोडणी बदलली. पर त्या शब्दावर मेसच्या फडताळात कसलाच डबा न्हवता.

आणि आता हितं बाप काईल ढवळत हुता.

पोरगं खाली बसलं आणि चुलीतली जळती लाकडं हातानंच भाईर वढाय लागलं. आकारामनं उलथन्याचा दांडा उगारला. "गावासमोर माजी आब्रू काढतोस व्हय रं?"

तेवढ्यात बनुबाई उठली. यात्रंच्या खिरीचा खपली गहू दर वरसाला कांडून देणारी म्हातारी ती, तिला कुणाची भीड? नाकाला पदर लावत ती काईलीपाशी आली. "आरं आकाराम, करपाय लागलंय की. तुज्या नाकावर काय माशी बसलीया?"

बाया खदाखदा हसल्या. त्यास्नी ती चेष्टा वाटली. आकारामचा हात मातर तिथंच ऱ्हायला. वर उचललेला दांडा त्यानं हळूच खाली घेतला, भिताडाला टेकवून ठेवला, आणि तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसला.

ऋषिराजनं वाढप्यांस्नी हाताशी घेतलं. वरची खीर पातेल्यात काढून घेतली, तळाची तशीच सोडली. तळ अजून सुटला न्हवता, थोडक्यात वाचली हुती. काम उरकून त्यो बापाजवळ गेला, हात भाजलेले, तोंड काळं झालेलं.

"वहीत काय लिवलं हुतं?" आकारामनं विचारलं.

"सांगितलंय की मागंच."

"खरं सांग."

पोरानं खरं सांगितलं. सपक. मीठ हाय, तिखट हाय, तरी सपक. त्या पोरीनं नळावर काय सांगितलं, ते बी सांगितलं. आकाराम पोत्याच्या शिवणीतला सुतळीचा तोडा उपसत बसला.

"नाक गेलंय ते मला ठावं हुतं, ऋष्या," त्यो म्हणाला. "मला वाटलं, हात तरी ऱ्हायलाय. तू सौम्य म्हणालास म्हणून हितली सुपारी घेतली मी."

पोराला वरडावंसं वाटलं, कुणावर तरी तुटून पडावंसं वाटलं. पर ह्या भांडणात समोर दुसरं कुणी न्हवतंच.

घंटा वाजली. नैवेद्य दावून झाला. आता कुणी बी चाखाय मोकळं. आकारामनं एक द्रोण भरून आणला आणि पोराच्या म्होरं धरला. ऋषिराजनं खाल्ली. करपट लागत न्हवती. गूळ बरोबर हुता, वेलदोडा, सुंठ, खोबरं, समदं मापात. कुठं तरी चूक घावंल म्हणून त्यानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. चूक घावली असती तर मूठभर काय तरी टाकून निस्तरता आली असती. चूक कुठंच न्हवती. खीर तोंडात हुती आणि तोंडात कायच न्हवतं.

"कशी हाय?"

परत एकदा सौम्य म्हणता आलं असतं. बाप वाट बघत हुता.

"इन्सिपिड," ऋषिराज म्हणाला. मराठीत म्हणाय त्याची जीभ रेटली न्हाई.

आकारामनं मान हलवली. रागावला न्हाई, लाजला बी न्हाई. द्रोण घेतला आणि उरलेली खीर बाजूच्या केराच्या टोपलीत टाकली.

पयली पंगत बसली. दर साली पयल्याच पंगतीला खिरीची बादली तीनदा फिरायची, पोरं द्रोण पालथं घालून चाटायची. औंदा बादली एकदा फिरली. लोकांनी खाल्ली, कुणी तोंड वाकडं केलं न्हाई. झ्याक झालीय म्हणाली दोघं-तिघं. दुसऱ्यांदा कुणी मागितली न्हाई. वाढपी अर्धी बादली हलवत परत आला आणि म्हणाला, औंदा लोकांची पोटं भरल्यालीच दिसत्यात.

यात्रा कमिटीचा प्रशांत ताटात नारळ, टॉवेल, टोपी घेऊन मांडवातनं येताना दिसला. आचाऱ्याला मान द्यायचा, गावकऱ्यांनी थांबायला सांगितलंय, फोटो काढायचाय, असं लांबनंच बोलत आला. आकाराम उठला. घंगाळात हात धुतलं, अंगावरच्या धोतरालाच पुसलं.

"मला आता निघाय पायजे," ताटाला हात न लावताच त्यो म्हणाला.