तीन कोटेशनची नोकरी

अकोल्याच्या एका दालमिलला खरेदी अधिकारी पाहिजे होता, आणि मूर्तिजापूरच्या दीक्षाला ती नोकरी पाहिजे होती. कापसाच्या जिनिंगमध्ये सहा वर्षं तिने पोत्यांचा बारदाना, यंत्रांचे पट्टे, बेअरिंग यांची खरेदी केली. जिनिंगला कुलूप लागलं आणि ती घरी बसली.

मिलचे मॅनेजर किसनराव म्हणाले, जागा तुझीच समज, बावीस हजारात. फक्त शेठचा नेम असा, की तीन कोटेशनांशिवाय मिलमध्ये सुतळीही येत नाही, तर माणूस कसा येईल? बाकीचे अर्जदार पुण्याला पळाले. तिकडे खरेदीवाल्यांना फार मागणी. तेव्हा चढ्या भावाचे दोघं तूच आण. दीक्षाला यात नवल वाटलं नाही. जिनिंगमध्येही ज्याचा माल घ्यायचा ठरलेला असे, तोच दुकानदार आणखी दोन दुकानांची कोटेशनं आणून देई. तिन्हींवर अक्षर एकच.

तिने मोबाईल दुरुस्त करणारा ललित आणि पार्लरवाली मैत्रीण पायल यांना नेलं. ललितने पस्तीस मागायचे, पायलने चाळीस.

ललितने आकडा सांगितला आणि दुकानात गिऱ्हाईक बसलंय म्हणून निघून गेला. पायलला शेठने विचारलं, माल कोणाकडून घेता? ती म्हणाली, जो फसवत नाही त्याच्याकडून. एकदा फसवलं की त्याची पायरी चढत नाही. ती मेंदीच्या कोनाबद्दल बोलत होती. शेठने मान डोलावली.

दीक्षाने बेअरिंगचे नंबर तोंडपाठ सांगितले, तुरीच्या हंगामात बारदाना किती चढतो तेही सांगितलं. शेठने सगळं ऐकून घेतलं, मग मोबाईलवरची बातमी तिच्यापुढे धरली. खरेदीवाल्यांचे पगार देशभर वाढले होते.

"बाई, तुम्हाला स्वतःचाच बाजारभाव माहीत नाही," शेठ म्हणाला. "माझ्यासाठी माल काय घ्याल?"

किसनराव पंख्याकडे पाहू लागले. बावीसचा आकडा किसनरावांचा, हे दीक्षाने सांगावं तर बाकीची कोटेशनं कुठून आली तेही सांगावं लागलं असतं.

शेठने जागा पायलला देऊ केली, चाळीसात. ती घाबरून नको म्हणाली. शेठला वाटलं, हिला दुसरीकडून बोलावणं आलंय. तो पंचेचाळीसवर गेला. पार्लरमध्ये महिन्याकाठी बारा सुटत. पायलने हो म्हटलं.

परतीच्या एसटीत पायल सारखी सांगत होती की हो आपोआप तोंडातून निघालं. दीक्षा खिडकीकडे तोंड करून बसली. बोरगाव मंजू मागे पडलं तेव्हा पायलने हळूच विचारलं, "बेअरिंग म्हंजे काय असते वं?"

दीक्षा वळली. सांगायला तिने तोंडही उघडलं, मग मिटलं.

"सांगीन. पंचवीस हजार महिना."

"पंचवीस? त्या शेठले तं बावीसात भेटून राहिली होतीस."

"तवा बाजार पाह्यला नव्हता."

पायल म्हणाली वीस. दीक्षा पुन्हा खिडकीकडे वळत म्हणाली, मग सोमवारी शेठलाच विचार बेअरिंग काय असते ते. पायल रुसून बावीस म्हणाली, मग तेवीस. काटेपूर्णेच्या पुलावर ती आपणहून चोवीसवर आली. दीक्षा अजून खिडकीबाहेरच पाहत होती.