दोन-तीसची टिक-टिक

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. पण माझ्याकडून गाण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्या पोटातून कधी एक सूर निघाला नाही. मी बोलायचा आणि ऐकायचा रेडिओ. खाली जमिनीवर माझ्यासमोर एक माणूस माइक हातात घेऊन बसायचा आणि वर विमानात दुसरा. त्या दोघांच्या मधला सेतू मी. आज अल्डर लेकच्या विमानतळावर, विमानं ठेवायच्या हँगरच्या भिंतीवरल्या फळीवर मी बसून आहे. माझी तार काढून घेतली आहे. धूळ मात्र कोणी काढत नाही.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. आधी काही वर्षं मी जंगल खात्याच्या टेहळणी मनोऱ्यावर काढली. तिथे मला वणव्यांच्या बातम्यांखेरीज काही ऐकायला मिळालं नाही. मग खात्याने नवे संच घेतले आणि मला अल्डर लेकच्या हवाई शोधपथकाला देऊन टाकलं. हे पथक म्हणजे काही सैन्य नव्हे. कोणी लाकूड कापणारा, कोणी शाळेत स्वयंपाक करणारी, कोणी पेन्शनीत निघालेली. आठवडाभर आपापली कामं करायची, आणि ब्रिटिश कोलंबियाच्या त्या डोंगरांत कुठे विमान हरवलं की सगळं टाकून धावायचं. पगार नाही. वर घरच्यांची बोलणी.

माझ्यासमोर बसायची ती डोरीन हॅल्वरसन. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. आवाज असा खणखणीत, की माझी गरजच काय असं मला कधीकधी वाटे. वर असायचा एमेट टेट. त्याचं विमान जुनं आणि त्याच्या माइकचं बटणही जुनं, चिकटणारं.

आमच्याकडे एक नियम होता. वर गेलेल्या विमानाने दर अर्ध्या तासाने खाली कळवायचं, ‘सगळं ठीक.’ तेही शब्दांत, आपलं नाव आणि ठिकाण सांगून. डोरीनने ते नोंदवहीत वेळेसकट लिहायचं. सुरुवातीला एमेट हे सगळं इमाने इतबारे बोलायचा. पण दोघांची अकरा वर्षांची जोडी जमल्यावर त्याला कंटाळा येऊ लागला. तो बोलायचं सोडून माइकचं बटण दोनदा दाबायचा. खाली नुसती टिक-टिक यायची.

“काय रे, जीभ गहाण टाकलीस का?” डोरीन म्हणायची.

“तुझ्याशी बोलून कोणाचं भलं झालंय?” वरून उत्तर यायचं.

आणि हसत हसत ती वहीत लिहायची: सगळं ठीक. गोठलेल्या तळ्यावर अडकलेल्या दोन भावांना आम्ही शोधून काढलं, तेव्हा वर्तमानपत्रात डोरीनचा फोटो आला आणि तिच्यामागे माझाही अर्धा. त्या दिवसानंतर आमची टिक-टिक सगळ्या पथकाने उचलली. दुसरा वैमानिक रसेल प्रूडनही तसंच करू लागला. जे चुकलं नाही ते बरोबरच असणार, अशी माणसांची समजूत असते. ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

मला मात्र टिक-टिक ओळखता यायची. एमेटचं बटण चिकटायचं म्हणून त्याची पहिली टिक लांबायची. रसेलच्या दोन्ही तोकड्या. हे मी कोणाला सांगणार? जगाचा आवाज इकडून तिकडे नेणारा मी, मला स्वतःचा असा आवाज नाही.

चौऱ्याऐंशी सालचा ऑक्टोबर होता. एक छोटं विमान तीन दिवसांपासून बेपत्ता होतं. त्या दिवशी दुपारी एक वाजता एमेट आणि रसेल शोधाला निघाले. एमेटबरोबर खिडकीतून खाली नजर ठेवायला लिओना फ्रीसन होती. ती शाळेत स्वयंपाक करायची आणि तिची नजर घारीची होती. एमेटने रेवन खोरं बघायचं आणि सव्वादोनला डोंगर ओलांडून पलीकडच्या स्टोनी खोऱ्यात जायचं, असं ठरलं होतं. रसेल तळ्याच्या पूर्वेला. एमेटने पूर्ण तासाला आणि अर्ध्या तासाला कळवायचं, रसेलने त्यानंतर पंधरा मिनिटांनी.

दीड वाजता टिक-टिक आली. पहिली लांब, दुसरी तोकडी. दोन वाजताही तशीच आली.

दोन वाजून एकोणतीस मिनिटांनी हवामान कचेरीचा फोन आला. पश्चिमेकडून बर्फ येत होतं. डोरीनने लगेच माइक उचलला.

“दोन्ही विमानं, ऐका. बर्फ येतंय. चारच्या आत खाली या. ऐकलंत का?”

अर्धं मिनिट गेलं. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा सहावर आला. आणि टिक-टिक वाजली.

दोन्ही तोकड्या.

डोरीनची नजर घड्याळावर होती. अडीच वाजलेत, एमेटची वेळ, एमेटचीच टिक-टिक. तिने वहीत लिहिलं: एमेट, २:३०, सगळं ठीक. तिचा पेन कागदावरून फिरला तेव्हा मी आतून जळत होतो, पण माझा दिवा रोजच्यासारखाच हिरवा होता.

पावणेतीनला रसेल शब्दांत बोलला. त्याला इंधनाचं सांगायचं होतं म्हणून. तीन वाजता एमेटची वेळ झाली आणि काहीच आलं नाही. डोरीनने हाका मारल्या. एकदा, दोनदा, दहादा. तीन वाजून दहा मिनिटांनी तिने धोक्याची खबर दिली आणि रसेलला सांगितलं, “तो अडीचला ठीक होता. म्हणजे डोंगर ओलांडून गेलेला. स्टोनी खोऱ्यात बघ.”

रसेलने बर्फ येईपर्यंत स्टोनी खोरं पिंजून काढलं. हात हलवत परतला. रात्रभर बर्फ पडत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं. पुन्हा निघण्याआधी रसेलने नोंदवही चाळली आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

“अडीचला एमेट बोलला तुझ्याशी? शब्दांत?”

“टिक-टिक केली.”

“आणि बर्फाचं कधी सांगितलंस?”

“त्याच्या जरा आधी. का रे?”

रसेल खुर्चीत बसला. “डोरीन, ती टिक-टिक माझी होती. बर्फाचं ऐकलं म्हणून केलेली.”

दोन वाजल्यानंतर एमेटचं काहीच आलेलं नव्हतं. तो डोंगर ओलांडून गेलाच नव्हता.

“कोणाला कळायचं नाही,” रसेल हळूच म्हणाला. “वारा होता म्हणू. तू स्वतःला छळू नकोस.” आणि तो रेवन खोऱ्याकडे उडाला.

चाळीस मिनिटांत त्याला विमान दिसलं. आदळल्यावर आपोआप हाक देणारं यंत्र त्या विमानात होतं, पण झाडात शिरताना त्याची तार तुटली होती आणि रेडिओही मोडला होता. एमेट तत्क्षणी गेला होता. लिओना मात्र लगेच गेली नव्हती. तिने सीटची गादी अंगावर ओढून घेतली होती. थंडीने ती पहाटे कधीतरी गेली.

चौथ्या दिवशी लिओनाचा नवरा गस आमच्या खोलीत आला. करवतींना धार लावणारा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या हातात लिओनाची शोधाची वही होती. शाळेच्या फळ्यावर ती दुपारचं जेवण लिहायची, त्याच गोल अक्षरात तिने पेन्सिलीने लिहिलं होतं. गसने उभ्यानेच वाचलं.

“दोन-आठ. पडलो. एमेट गेला. माझा पाय अडकलाय.” त्याने पान उलटलं. “तीन-चाळीस. विमानाचा आवाज. डोंगराच्या पलीकडे. आता येतीलच.” पुढे एकच ओळ होती. “चार. आवाज गेला.”

गसने वही मिटली. “ते पलीकडे का गेले, डोरीन? एवढंच सांग. मी बाकी काही विचारायला आलो नाही.”

मित्रांनो, त्या क्षणी तिला ‘वारा होता’ म्हणता आलं असतं. रसेल दारातच उभा होता. त्याने मान खाली घातली. मी तिच्या हाताकडे बघत होतो. तो हात माझ्या शेजारच्या नोंदवहीकडे गेला.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. “मी शब्द ऐकले नव्हते, गस. ठीक असल्याचं मी माझ्या मनानेच लिहिलं.”

आमच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी सही करायची. डोरीनने त्याच्या देखत रेघ मारली आणि लिहिलं: ‘नोंद चुकीची. दुसऱ्याची टिक-टिक होती. मी विचारलं नाही. डी. एच.’

गसने ते दोनदा वाचलं.

“तिला बर्फाची भीती वाटायची,” तो म्हणाला. “त्या दिवशी ती जायला कां-कू करत होती. मीच म्हटलं, जा गं. खाली डोरीन बसलीय, ती काय कोणाला हरवू देते होय!”

एवढं बोलून तो गेला. दार उघडंच राहिलं आणि बराच वेळ ते लावायला कोणी उठलं नाही.

हिवाळा गेला. ज्या विमानाला शोधायला ते दोघे गेले होते, तेही बर्फ वितळल्यावर सापडलं. त्यातही कोणी जिवंत नव्हतं. डोरीनने माझ्यासमोर बसणं सोडलं होतं. ती यायची, कॉफी करायची, माझ्याकडे पाठ करून बसायची. एप्रिलमधल्या एका दुपारी गस परत आला.

“मला शिकव,” तो तिला म्हणाला.

“काय?”

“हे ऐकायला.”

तिने त्याला शिकवलं. कसं, ते मला सांगवत नाही. दोघांतलं कोणीच एकमेकांकडे बघत नव्हतं. पुढची एकोणीस वर्षं माझ्यासमोर गस बसला. बैल गेला आणि झोपा केला, असं गावात कोणीतरी म्हणालंच. पण त्या झोप्याच्या आत पुढे कितीतरी जण सुखरूप राहिले. वरून कोणी नुसती टिक-टिक केली, की गस माइक उचलायचा.

“काही ऐकू आलं नाही. बोल.”

“अरे गस, बहिरा झालास की काय?”

“बटणाला मी बहिराच आहे. नाव सांग. ठिकाण सांग. मग लिहीन.”

पोरगेल्या वैमानिकांना तो खडूस म्हातारा वाटायचा. तो शिव्या ऐकून घ्यायचा आणि शब्द कानावर पडेपर्यंत पेनला हात लावायचा नाही.

आता तोही नाही. डोरीनही नाही. नव्या संचांच्या पडद्यावर विमान ठिपक्यासारखं दिसतं म्हणे. दिसत असेल. माझ्या खालच्या कपाटात ती नोंदवही अजून आहे, एका रेघेसकट. तुम्ही कधी आलात तर माझ्यावरची धूळ पुसलीत नाही तरी चालेल, पण ते पान उघडून बघा.

आणि मित्रांनो, कुठे जायला निघालात तर पोचल्यावर घरी सांगा. शब्दांत सांगा. खाली बसलेल्याला तुमची सवय झालेली असते, आणि तुमच्या वेळेला जरा कुठे काही वाजलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. त्याने लिहूनही टाकलेलं असतं, की तुम्ही ठीक आहात. तेव्हा डोंगराच्या अलीकडे कोणीतरी वहीत लिहीत असतं, आता येतीलच.